आवडत्याविषयीचा वाद

ज्याच्यावर आपले मनापासून प्रेम आहे त्याच्याविषयी वाद घालावा की घालू नये, या प्रश्नाला आपल्या परंपरेने दोन मातबर ठिकाणी दोन परस्परविरुद्ध उत्तरे देऊन ठेवली आहेत. गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूतींची गणना करीत असता श्रीकृष्ण माणसाच्या नाना प्रकारच्या बोलण्यांतून वादाची निवड करतात आणि ते आपलेच रूप म्हणून सांगतात. उलट नारदांच्या ८४ भक्तिसूत्रांत भक्ताला जी थोडी पथ्ये सांगितली आहेत त्यांत वादाच्या वाटेस जाऊ नये हे एक पथ्य आहे, आणि त्याचे कारणही तेथेच दिले आहे, ते असे की मतांना तेथे अंत नसतो व निर्णय कशाचाच लागत नाही. एका बाजूस साक्षात भगवंत आणि दुसऱ्या बाजूस भक्तांचा आचार्य अशी ही तेढ आहे. वाद ज्ञानमार्गी माणसाने करावा आणि भक्ताने नामस्मरणात राहावे, असा अधिकारभेदाचा आधार घेऊन ती मिटवता येईल. परंतु ज्याचे प्रेम आणि ज्याची चिकित्सा ही दोन्ही एकाच क्षणी, एकाच वस्तूविषयी, एकाच तोंडाने बोलतात, त्या माणसाने काय करावे याचे उत्तर त्या निवाड्यातून निघत नाही. असा मनुष्य मला अलीकडे सर्वांत ठळकपणे कोठे दिसला असेल, तर तो रॉक संगीताच्या तरुण रसिकांत होय, आणि त्यांच्या निमित्ताने या जुन्या प्रश्नाचा पुन्हा एकदा विचार करावा असे मला वाटते.

कळंब हे यवतमाळपासून वीस-बावीस किलोमीटरांवरचे तालुक्याचे गाव. अकबराच्या राजवटीत वऱ्हाड सुभ्याची जी सरकारे होती त्यांत कळंबचे सरकार आईन-इ-अकबरीत नोंदलेले आहे. त्या काळची कचेरी, दप्तर आणि अंमल यांचा मागमूस आज गावात उरलेला नाही; बाहेरचा मनुष्य येथे येतो तो चिंतामणीच्या दर्शनासाठी. गणेशाचे हे स्थान जमिनीच्या पातळीखाली असून पायऱ्या उतरून गाभाऱ्याशी जावे लागते, आणि तेथेच कुंड आहे. गौतम ऋषींच्या शापाने पीडलेल्या इंद्राने येथे गणेशाची आराधना केली आणि या तीर्थाने तो शापमुक्त झाला, अशी कथा भाविक सांगतात. बऱ्याच वर्षांच्या अंतराने, लोकांच्या बोलण्यात बारा वर्षांनी, कुंडाचे पाणी चढत चढत मूर्तीच्या चरणांना लागते व मग ओसरते, आणि त्या योगाची वाट पाहणे हा गावाच्या श्रद्धेचाच एक भाग होऊन बसला आहे. (शाप देणाऱ्या त्याच गौतमाला मिथिलेकडील परंपरा न्यायसूत्रांचा कर्ता समजते. त्या समजुतीवर मला काही उभे करावयाचे नाही. परंतु पुढे न्यायशास्त्राचा आधार घ्यावयाचा असल्यामुळे तिची नोंद येथे करून ठेवतो.)

अशा गावाला ऐकण्याची सवय पिढीजात असते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी, १९६८ साली मोझरीच्या गुरुकुंजात त्यांचा देह पडेपर्यंत, खंजेरीच्या साथीने जे भजन विदर्भाच्या खेड्याखेड्यांत नेले, त्याच्या मागे गावोगावची भजनी मंडळे उभी राहिली, आणि मंडळे आली तशी रसिकांची मतांतरेही आली. कोणत्या मंडळाची चाल मूळची आणि कोणाची सिनेमातून उचललेली, कोणाची पेटी गाणाऱ्याच्या आवाजावर चढते, कोणाच्या खंजेरीचा ठेका शब्दाला धरून चालतो, यंदाच्या सप्त्याला काल्याचे कीर्तन कोणाला सांगावे, हे विषय पारावर आणि देवळाच्या ओट्यावर रात्र रात्र चालत आलेले आहेत. शिक्षणासाठी नागपूर, अमरावती, पुण्याला गेलेली आणि पोळ्याला-दिवाळीला घरी परतलेली मुले आज त्याच ओट्यांवर गिटारीच्या संगीताविषयी भांडतात, तेव्हा विषय नवा असला तरी भांडण जुन्याच कुळातले आहे, हे ओळखायला वेळ लागत नाही. कोणत्या बॅंडचा नवा अल्बम उतरला, कोणाचा चढला, गायकाचा आवाज बसला की त्याने जाणूनबुजून खालची पट्टी धरली, ढोलाच्या ध्वनिमुद्रणात प्राण आहे की नाही, याची शहानिशा ती करतात. आणि मग कोणीतरी ‘लाइनअप आली का बे?’ असे विचारतो, आणि झालेल्या संगीतावरून संभाषण न झालेल्या संगीताकडे वळते. येत्या महोत्सवाला कोण येणार, कोण यावे, कोणाला शेवटची वेळ मिळावी, याच्या याद्या तोंडातोंडी तयार होतात, मोडतात, पुन्हा तयार होतात.

हे महोत्सव महाराष्ट्रात कालपरवा उपटलेले नाहीत. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ साली ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाला, आणि रॉक मशीन, जे पुढे इंडस क्रीड या नावाने ओळखले गेले, त्यांच्यासारख्या देशी बॅंडांना मोकळ्या आकाशाखाली हजारोंचा श्रोता मिळाला. पुण्यात २०१० साली ‘एनएच७ वीकेंडर’ भरला. त्या क्रमांकाचा जुना राष्ट्रीय महामार्ग आमच्याच जिल्ह्यातील पांढरकवड्यावरून दक्षिणेकडे जातो, ही गोष्ट आमच्या मुलांना विशेष अगत्याची वाटते. अमेरिकेत १९९१ साली सुरू झालेला ‘लोलापलूझा’ जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर आला, आणि तेव्हापासून स्ट्रोक्स, स्टिंग, ग्रीन डे अशी नावे तेथे लागत गेली. त्याआधी आयर्न मेडन २००७ साली आणि मेटॅलिका २०११ साली बंगळूरला येऊन गेले होते, आणि त्यांना ऐकण्यासाठी विदर्भातून रेल्वेने उभ्याने गेलेली माणसे आज चाळिशीत आहेत.

या सगळ्यावर घरातील वडीलधाऱ्यांचा आक्षेप असतो, आणि तो हलका समजून टाळण्यासारखा नाही. ते म्हणतात, ही तृष्णा आहे: जे हाती आहे त्याने समाधान नाही, नव्याची हाव आहे, आणि जे अजून आलेलेच नाही त्यावर वितुष्ट येईपर्यंत बोलणे आहे. याच आक्षेपाचे शास्त्रीय रूप म्हणजे नारदांचा निषेध. ज्याला गाणे खरोखर आवडते तो गाणे ऐकेल. तो वाद कशाला घालील?

येथे न्यायशास्त्राची मदत घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही, कारण माणसे एकमेकांशी मतभेदाने कशी बोलतात याची इतकी बारकाईने छाननी आपल्याकडे दुसऱ्या कोणी केलेली नाही. नैयायिक अशा बोलण्याला कथा म्हणतात आणि तिचे तीन भेद करतात. दोन्ही पक्ष सत्य जाणण्याच्या इच्छेने प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे बोलतात तो वाद. जिंकण्याच्या इच्छेने बोलतात आणि त्यासाठी छल, जाती व निग्रहस्थाने यांचाही उपयोग करतात तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष काहीच न मांडता केवळ समोरच्याचा पक्ष मोडतात ती वितंडा. जल्प आणि वितंडा यांनाही सूत्रकाराने सरसकट त्याज्य ठरवलेले नाही: कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात तसा त्यांचा उपयोग उगवत्या तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी करावा, असे त्याने म्हटले आहे, आणि ज्यांच्या शेताभोवती बाभळीचे काटे लावावे लागतात त्या आमच्या लोकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. नवशिक्या रसिकाची आवड असाच अंकुर असते. घरात, वर्गात, गावात ज्या संगीताला गोंगाट म्हणतात त्या संगीतावर जीव जडलेल्या सोळा वर्षांच्या मुलाने काही काळ काट्यांनी बोलावे, यात मला दोष दिसत नाही.

परंतु शुद्ध वादही या रसिकांत घडतो, आणि त्याचे एक उदाहरण इतके चांगले आहे की ते सविस्तर सांगितले पाहिजे. मेटॅलिकाने २००३ साली ‘सेंट अँगर’ हा अल्बम काढला, त्यात गिटारीचे एकल वादन जवळजवळ वगळलेले होते, आणि जुन्या चाहत्यांनी त्याबद्दल मोठी तक्रार केली. २००८ साली ‘डेथ मॅग्नेटिक’ आला. त्यात एकल वादन परत आले, तरी ऐकणाऱ्यांना काहीतरी खटकत होते. त्यातील काहींनी खटकणे हेच प्रमाण मानून थांबण्याचे नाकारले. त्याच सुमारास तीच गाणी ‘गिटार हीरो’ नावाच्या खेळासाठीही दिली गेली होती. चाहत्यांनी ती आणि तबकडीवरील गाणी शेजारी शेजारी ठेवून ऐकली, दोहोंच्या ध्वनिलहरींची चित्रे काढून पाहिली, आणि तबकडीवर आवाजाची पातळी इतकी चढवली आहे की लहरींचे माथे छाटले जाऊन मऊ आणि मोठा यांतील अंतरच नाहीसे झाले आहे, हे दाखवून दिले. नव्याने मिश्रण करून द्यावे असा अर्जही हजारोंच्या सहीने झाला. यात प्रत्यक्ष आहे, अनुमान आहे, दृष्टांत आहे. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, हे सर्व त्या बॅंडचा द्वेष करणाऱ्यांनी केलेले नाही. ज्यांचा त्या संगीतावर जीव होता त्यांनीच ही कैफियत तयार केली. चिकित्सेने प्रेम आटते असे जे म्हणतात त्यांनी या प्रकरणाचा विचार करावा.

याच प्रकरणाची दुसरी बाजूही होती, आणि ती लपवण्याचे कारण नाही. एकल वादन नाही म्हणून अल्बम वाईट, असे २००३ साली म्हणणाऱ्यांपैकी काहींनी, एकल वादन परत आल्यावर, ‘आहे, पण जुन्या तोडीचे नाही’ असे म्हणावयास सुरुवात केली. दिलेला हेतू समोरच्याने खोडला की त्याला गुपचूप एक विशेषण जोडून तोच आपला मूळचा हेतू होता असे दाखवणे, याला नैयायिक हेत्वंतर म्हणतात, आणि वादात हार ठरवणाऱ्या त्यांच्या २२ निग्रहस्थानांत त्याची गणना आहे. मेटॅलिकाचा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम १९९१ साली आला आणि गाणी आखूड व संथ झाली, तेव्हापासून ‘जुने तेवढे खरे’ असे धरून बसलेल्या काही रसिकांची सारी हयात या एका निग्रहस्थानात गेली आहे. त्यांच्याशी बोलताना दर वेळी हेतू बदलतो, निष्कर्ष मात्र जागचा हलत नाही. आणि वितंडा तर सर्वत्र आहे: तुम्ही नाव घ्याल तो बॅंड मोडीत काढावयाचा, स्वतः मात्र एकाही अल्बमचे नाव घ्यावयाचे नाही. रसिकांच्या बैठकीत हा मनुष्य सर्वांत हुशार ठरतो. मला तो सर्वांत दरिद्री वाटतो, कारण त्याच्याजवळ कोणालाही द्यावयाला काही नसते.

आता न झालेल्या संगीताविषयी. जे अस्तित्वातच नाही त्याच्याविषयी बोलणे निरर्थक आहे, हा आक्षेप नैयायिकाने मान्य केला नसता. अभाव हा त्याच्या दृष्टीने एक पदार्थच आहे आणि त्याचे प्रकारही ठरलेले आहेत. वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा जो अभाव तो प्रागभाव: त्याला आरंभ नाही, पण अंत आहे. वस्तू नाश पावल्यानंतरचा जो अभाव तो प्रध्वंसाभाव: त्याला आरंभ आहे, पण अंत नाही. येत्या वर्षीच्या लाइनअपची वाट पाहणारा मनुष्य प्रागभावाच्या काठावर उभा आहे. रंगभवनाजवळून जाताना ज्याचे पाऊल अडखळते तो प्रध्वंसाभावाच्या. इस्पितळे आणि महाविद्यालये यांच्या सान्निध्यामुळे तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि तेथील संगीत थांबले. इंडिपेंडन्स रॉक २०२२ साली मुंबईत पुन्हा भरला, दुसऱ्या जागी. रंगभवनातल्या त्या रात्री काही परत आल्या नाहीत, आणि येणारही नाहीत.

या दोन अभावांची गल्लत करणे हेच पुष्कळशा कटु भांडणांचे मूळ आहे. एक जण येऊ शकेल अशा गोष्टीची इच्छा धरतो. दुसरा जे गेले तेच पुन्हा यावे म्हणतो, आणि ते येत नाही याचा राग पहिल्यावर काढतो. पहिल्याची इच्छा मात्र केवळ इच्छाच नसते. मातीच्या गोळ्याकडे पाहून येथे घट होणार असे म्हणता येते, कारण प्रागभाव कारणाच्या ठिकाणी कळतो, असे शास्त्र सांगते. आणि आमची मुलेही कारणे पाहूनच बोलतात: या बॅंडचा अल्बम या वर्षी आला, म्हणजे दौरा निघणार. टोकियो आणि सिंगापूरच्या तारखा लागल्या आणि मध्ये आठवडा मोकळा आहे, म्हणजे मुंबई शक्य आहे. ढगांवरून पावसाचे अनुमान करावे तसले हे अनुमान, ज्याला न्यायात पूर्ववत् म्हणतात. ढग आले म्हणजे पाऊस येतोच असे नाही, हे कोरडवाहू कापसाच्या आमच्या जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. आणि तरीही मृग लागला की आकाशाकडे पाहून बोलणे थांबत नाही, कारण ते बोलणे हेच पेरणीच्या तयारीचे पहिले काम असते. वाट पाहणाऱ्याने तयारी केलेली असेल तर वाट पाहण्याला मी तृष्णा म्हणणार नाही. जो मनुष्य यावे म्हणून एखाद्या बॅंडचे नाव घेतो आणि त्याचे चार अल्बम मन लावून ऐकून ठेवतो, त्याला तो बॅंड आला नाही तरी चार अल्बम मिळालेले असतात.

तयारीवाचून केलेली अपेक्षा कोठे नेते तेही दिसलेले आहे. २८ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीजवळ गुडगावला मेटॅलिकाचा कार्यक्रम ठरला होता. तो आयत्या वेळी होऊ शकला नाही, तेव्हा जमावाच्या एका भागाने व्यासपीठाची मोडतोड केली. दोनच दिवसांनी बंगळूरला त्याच बॅंडचे गाणे यथासांग झाले. कार्यक्रम ऐनवेळी रद्द करणाऱ्यांची जबाबदारी मोठी आहे, ती मी नाकारीत नाही. परंतु ज्या वाद्यांसाठी आलो त्या वाद्यांच्या जागेवर हात टाकणाऱ्याच्या मनात संगीत होते असे मला म्हणता येत नाही.

मराठी मनुष्याला मनातल्या लाइनअपचे हे वेड परके वाटत असेल तर त्याने १९२१ साल आठवावे. बालगंधर्व आणि केशवराव भोसले, गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श, यांच्या रसिकांचे दोन तट महाराष्ट्रभर पडलेले होते. एकाच्या लाडिक गोडव्याचे भक्त दुसऱ्याच्या तेजस्वी, वेगवान तानेला केवळ कसरत म्हणत, आणि दुसऱ्याचे भक्त पहिल्याला उलट उत्तर देत. ही दोन नावे एका रंगभूमीवर यावीत ही कल्पना वर्षानुवर्षे वादाचा आणि स्वप्नाचाच विषय होती. टिळक स्वराज्य फंडाच्या निमित्ताने ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले: केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्या रात्री दोन्ही तटांचे लोक एकाच छताखाली बसले. त्यानंतर तीन महिने पुरते होण्याच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वयाच्या तिशीतच. त्या रसिकांनी आधी वर्षानुवर्षे जो वाद घातला होता त्यामुळे त्या रात्रीचा आनंद कमी झाला असेल असे मला वाटत नाही. उलट, ज्याने दोघांच्या गायकीतील प्रत्येक भेदावर रात्री जागवल्या होत्या, त्यालाच त्या रात्री दोघांच्या शेजारी शेजारी येण्याचे मोल पुरेपूर कळले असणार. वाद न घालणाऱ्याने एक नाटक पाहिले. पुण्यात भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या आधी महिनाभर पेठापेठांतून जी चर्चा चालत आलेली आहे, तीही याच जातीची.

एक प्रश्न मात्र या तरुण रसिकांनी माझ्यापुढे असा ठेवला की त्याला शास्त्रातही सोपे उत्तर नाही. लिंकिन पार्कचा गायक चेस्टर बेनिंग्टन २०१७ साली जुलै महिन्यात गेला. सात वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, एमिली आर्मस्ट्रॉंग या गायिकेसह तो बॅंड परत उभा राहिला, नोव्हेंबरात ‘फ्रॉम झीरो’ हा अल्बम आला, आणि २०२६च्या मुंबईतील लोलापलूझासाठी त्याचे नाव जाहीर झाले. तेव्हा हा तोच बॅंड आहे काय? क्षणिकवादी बौद्ध म्हणेल, तोच असा कोणी आधीही नव्हता, होता तो प्रवाह. नैयायिक म्हणेल, ओळख पटते ना, मग वस्तू एक आहे. वेदान्ती काशीत पाहिलेल्या देवदत्ताचे जुने उदाहरण काढील: तेव्हाचा काळ आणि आताचा काळ, तेथील स्थळ आणि येथील स्थळ, ही विरोधी अंगे सोडून द्या, उरतो तो देवदत्त एकच. पण चेस्टरचा तो फाटत जाणारा, भाजणारा आवाज हे सोडून देण्यासारखे अंग आहे की तेच स्वरूप आहे? ज्या मुलाने वयाच्या कठीण वर्षांत त्या आवाजाच्या आधाराने रात्री काढल्या तो म्हणतो, हे स्वरूप आहे, मला तेथे जाता येणार नाही. दुसरा म्हणतो, वारकऱ्यांच्या फडाचा प्रमुख गेला म्हणजे दिंडी थांबत नाही; चाल ज्यांच्या अंगात मुरली ते पुढे गातात, आणि फड तोच. मी दोघांचे ऐकले आणि मला दोघेही खरे वाटले. दुसऱ्याचे म्हणणे पटूनही पहिल्याने जाऊ नये हेच योग्य, असे माझे मत आहे. शोकाला युक्तिवादाने हुकूम करता येत नाही. येथे नारदांचे पथ्य अक्षरशः लागू पडते.

मग मूळ तेढ कशी सोडवावयाची? वाद हा वीतरागांचा, म्हणजे रागरहित माणसांचा, असे न्यायाच्या परंपरेत म्हणतात. आणि रसिक तर रागाने, आसक्तीने भरलेला. वरवर पाहता त्याला वादाचा अधिकारच नाही. परंतु तेथे ज्या रागाचा त्याग अभिप्रेत आहे तो जिंकण्याचा राग आहे, विजिगीषा आहे. वस्तूवरील प्रेमाचा त्याग कोणी मागितलेला नाही, कारण सत्याची ओढ ही देखील एक ओढच आहे आणि तिच्यावाचून कोणी वादाला बसणार नाही. आणि दुसरी गोष्ट अशी की, अभिनवगुप्तांनी रस हा अनुमानाने सिद्ध होणारा पदार्थ नाही असे ठरवून दिल्यानंतर, हा अल्बम सुंदर आहे हे वादाने सिद्ध करण्याची आशाच उरत नाही. रस चाखावा लागतो. पण त्याच आचार्यांनी रसाच्या आड येणारी सात विघ्नेही सांगितली आहेत, स्वतःच्याच सुखदुःखात बुडून राहणे हे त्यांतील एक, आणि ती दूर करावयाला दुसऱ्याचा शब्द फार उपयोगी पडतो. ‘तिसऱ्या गाण्यात बेस काय म्हणतोय ते ऐक, मग बोल’ असे मित्र सांगतो, आपण पुन्हा ऐकतो, आणि जे कालपर्यंत भिंतीसारखे वाटत होते तेथे दार असल्याचे कळते. त्याने काही सिद्ध केले नाही. आडकाठी तेवढी काढली.

ज्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी वादाला आपले रूप म्हटले त्याच अध्यायात, बऱ्याच आधी, भक्त एकमेकांना बोध करतात, नित्य माझ्याविषयी बोलतात आणि त्यातच रमतात, असेही म्हटले आहे. आणि ज्ञानेश्वरांनी त्याचे निरूपण करताना शेजारशेजारची सरोवरे उचंबळून एकमेकांत मिसळतात ते दृश्य उभे केले आहे. सरोवरे दोन असल्यावाचून हे मिसळणे नाही. मतभेद हवा तो एवढ्यासाठी. कळंबच्या ओट्यावरील चांगले भांडण मी या जातीत बसवतो: त्यात प्रत्येक जण आपल्याला जे ऐकू आले ते दुसऱ्याच्या कानात घालू पाहतो, आणि हरलेला मनुष्य घरी जाताना एक नवे गाणे घेऊन जातो. नारदांचा निषेध ज्या बोलण्याला आहे त्यात कोणी कोणाला काही देत नाही. वादाला बसलेल्या रसिकाला एकच विचारावे की, तुझे म्हणणे खोटे ठरून ते संगीत तुला वाटले होते त्याहून सुंदर निघाले, तर तुला आनंद होईल की नाही? होईल असे जो मनापासून म्हणतो त्याने खुशाल वाद घालावा.

या कसोटीवर आजचा रसिक एका ठिकाणी उणा पडतो, आणि ते स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पूर्ण न ऐकता मत देण्याची सवय वाढली आहे. अल्बम मध्यरात्री निघतो आणि सकाळच्या आत त्याचा फैसला होतो. बारा गाण्यांपैकी तीन ऐकलेली असतात, तीही दुसरे काही करता करता. साक्षीदार न तपासता दिलेला तो निकाल आहे. भजनी मंडळातला म्हातारा सगळी रात्र बसून पहाटेची भैरवी झाल्यावर मंडळाविषयी बोलत असे. त्याचे मत चुकीचे असेल, पण ते ऐकलेल्या माणसाचे मत असे.

म्हणून तालुक्याच्या ठिकाणची जी सार्वजनिक वाचनालये व्याख्यानमाला चालवतात, त्यांच्या चालकांना माझी विनंती आहे की त्यांनी महिन्यातील एक संध्याकाळ श्रवणासाठी राखून ठेवावी. एक बरा ध्वनिक्षेपक लागेल, एक सतरंजी लागेल. त्या संध्याकाळी एक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये न बोलता, सर्वांनी मिळून ऐकावा, आणि मग हवा तितका वेळ वाद घालावा. निवड एका महिन्यात मुलांनी करावी, पुढच्या महिन्यात भजनी मंडळाने. कळंबला वर्ध्याहून येणारी रेल्वे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली आहे, तेव्हा बाहेरगावच्या रसिकांनाही येणे अवघड नाही.